ओझे आणि वजन

मराठीच्या दोन प्राध्यापकांनी बास्केटबॉलच्या खेळाडूच्या व्यायामावर लिहावे, हे या पानांच्या नेहमीच्या वाचकांना थोडे विचित्र वाटेल. आम्हालाही वाटते. आमच्यापैकी एक लातूरला शिकवतो, दुसरी नांदेडला. एम. ए. ला आम्ही एका वर्गात होतो आणि तेव्हापासून जे वाचले, जे सुचले ते एकमेकांना कळवण्याची सवय आहे. पुढे जे लिहिले आहे ते दोघांनी मिळून केलेल्या एका कामाविषयी आणि त्या कामात दोघांनी मिळून केलेल्या एका चुकीविषयी आहे. चूक दोघांची, म्हणून लेखही 'आम्ही'चाच.

२०१५ साली लातूरच्या महाविद्यालयातील क्रीडा संचालक निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरली गेली नाही. रिकाम्या जागेचा कार्यभार कोणाकडे तरी सोपवावा लागतो आणि तो बहुधा मराठीच्या माणसाकडे येतो. स्नेहसंमेलन, भित्तिपत्रक, वार्षिकांक, वक्तृत्व स्पर्धा ही सारी त्याचीच खाती असल्याने नाही म्हणण्याची त्याची सवय कधीच मोडलेली असते. अशा रीतीने बास्केटबॉलच्या मुलींचा संघ घेऊन आमच्यापैकी एक त्या वर्षी एस. टी. ने चाकूर, अहमदपूर, लोहा असे करत नांदेडला निवड चाचणीला गेला.

त्या संघात बी. ए. द्वितीय वर्षाची, ऐच्छिक मराठीची एक विद्यार्थिनी होती. उंची १७२ सेंटिमीटर, वजन ५४ किलो. चेंडू पुढे नेणे, मोकळी मैत्रीण हेरणे आणि तिच्या हातात चेंडू पोचवणे यांत तिचा हात धरणारी कोणी नव्हती. टोपलीखाली गर्दीत शिरली, की मात्र पहिल्याच धक्क्याला ती बाजूला फेकली जाई. निवड करणाऱ्यांनी तिला राखीव खेळाडूंत घातले आणि आम्हाला सांगितले, "हात चांगला आहे, अंगात जोर नाही." परीक्षण रास्त होते. परतीच्या गाडीत, अहमदपूर मागे पडल्यावर, तिने विचारले, "सर, जोर कसा आणायचा असतो?"

तिचे या प्रश्नात काय गुंतले होते, ते सांगायला हवे. आई खानावळ चालवत असे. लातुरात क्लाससाठी राहणाऱ्या बाहेरगावच्या मुलांचे डबे हा त्या घराचा एकमेव धंदा. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे हे तिला ठाऊक होते. त्यासाठी लागणारी कामगिरी किती वरच्या पायरीची आहे, हेही ठाऊक होते. पण आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळल्याचा कागद हाती आला तर बी. पी. एड. ला प्रवेश मिळणे सोपे जाईल, एवढे तिने विचारून ठेवले होते. बी. ए. मराठीच्या मुलीपुढे दारे फार नसतात, हे आमच्याइतके कोणाला कळणार? त्यातले एक दार पुढच्या दिवाळीपर्यंत उघडे होते.

*

आमच्या विद्यापीठाच्या चार जिल्ह्यांत, म्हणजे नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीत, महाविद्यालयीन खेळांचा हंगाम पावसाळा सरता सरता सुरू होतो. आधी आंतरमहाविद्यालयीन सामने, मग विद्यापीठ संघाची निवड, मग पश्चिम विभागीय स्पर्धा. संक्रांतीच्या आगेमागे सारे आटोपते. त्यानंतर पुढच्या पावसाळ्यापर्यंत खेळाडूला कोणी विचारत नाही. या काळाला इंग्रजीत 'ऑफ सीझन' म्हणतात. त्याला मराठी शब्द शोधण्याचा नाद आम्हाला साहजिकच लागला. 'बिगरहंगाम' हा बाजार समितीच्या आवारातला वाटला. 'विश्रांतिकाळ' म्हणावे तर ते खोटे, कारण ताकद वाढवायची ती याच महिन्यांत. सामने सुरू झाले, की असलेली ताकद टिकली तरी पुष्कळ. अंग मोडेपर्यंत वजन उचलून दुसऱ्या दिवशी सामना खेळता येत नाही. शेवटी शब्द मिळाला तो तिच्या आजीकडून. नातीच्या शाळेला सुट्टी नाही, खेळाला सुट्टी आहे, मग ही रोज मैदानावर कशाला जाते, असे तिने विचारले आणि नातीने काहीतरी समजावल्यावर स्वतःच उत्तर दिले, "म्हणजे मशागत म्हण की." पीक उभे असताना नांगर घालत नाहीत. शब्द नेमका होता. आम्ही तो घेतला.

हा खेळ जन्मला तोच मुळी अशा मशागतीच्या गरजेतून. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकाला एक काम देण्यात आले होते. फुटबॉलचा हंगाम संपून बेसबॉलचा सुरू होईपर्यंत हिवाळा असतो. त्या काळात मुलांना छपराखाली खेळता येईल असा खेळ काढायचा. त्याने पीच या फळाच्या दोन टोपल्या कठड्याला ठोकल्या आणि तेरा नियम लिहिले. बाहेर बर्फ होते म्हणून हा खेळ आला. आमच्याकडे मशागतीच्या महिन्यांत बाहेर ऊन असते. मार्च, एप्रिल, मे. पारा चाळिशीच्या वर. नेस्मिथने निदान आपला हिवाळा हिशेबात धरला होता. आम्ही आमचा उन्हाळा धरला नाही.

कार्यक्रम आखला तो आमच्यापैकी नांदेडच्या मैत्रिणीने. ती विद्यार्थिदशेत खेळलेली, नांदेडच्या व्यायामशाळेत अजून जाणारी. तिच्याकडे एका अमेरिकी प्रशिक्षकाचे पुस्तक होते. त्यावरून तिने बारा आठवड्यांचा तक्ता केला. पहिले चार आठवडे हलके वजन आणि जास्त आवर्तने, सांधे व स्नायू यांना सवय लागावी म्हणून. पुढचे चार जड वजन आणि कमी आवर्तने, निव्वळ ताकदीसाठी. शेवटचे चार त्या ताकदीचे वेगात रूपांतर करण्यासाठी, मुख्यतः उड्यांचे. आठवड्यातून तीन दिवस वजने. दोन दिवस धावणे आणि थोड्या उड्या, त्या मात्र पहिल्या आठवड्यापासूनच. खांद्यावर तीस किलोचा दांडा घेऊन आठ बैठका, असे तीन वेळा; म्हणजे एका दिवसाला ७२० किलो, आठवड्याला २,१६०. दर आठवड्याला थोडी वाढ. तत्त्व चुकीचे नव्हते. शरीराला सवयीपेक्षा थोडे अधिक द्यावे, मग त्याला सावरायला वेळ द्यावा. सावरताना ते पूर्वीपेक्षा थोडे अधिक बळकट होते. साऱ्या ताकदीच्या शास्त्राचा गाभा एवढाच आहे.

लातूरच्याने तो तक्ता मराठीत आणला. 'स्क्वॉट'ला बैठक, 'पुश-अप'ला जोर, 'सेट'ला फेरी, 'रेप्स'ना आवर्तने. 'लोड'ला काय म्हणावे यावर आमचे फोनवर दोन रात्री चालले. 'भार' पदार्थविज्ञानाचा, 'ओझे' हमालाचे. म्हणून 'वजन' ठेवले. भाषांतर नितळ झाल्याचा आम्हाला आनंद झाला. तो तक्ता जिच्यासाठी होता तिचा दिवस कसा जातो, हे विचारण्याचे दोघांनाही सुचले नाही.

*

१ मार्च २०१६ पासून तक्ता सुरू झाला. व्यायामशाळेत मुलींसाठी अकरा ते एक ही वेळ होती. पत्र्याखाली त्या वेळी काय होत असेल, ते लातूरच्या उन्हाळ्याची ओळख असणाऱ्याला सांगायला नको. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "सर, डावा गुडघा दुखतोय. जिना उतरताना जास्त." आम्ही तिला दोन दिवस विश्रांती घ्यायला सांगितले आणि तिसऱ्या दिवशी तक्ता पुढे चालू केला. कोणता जिना, हे आम्ही विचारले नाही.

मार्च संपता संपता तिला उडीच मारता येईना. डॉक्टरांनी गुडघ्याच्या वाटीखाली अंगठा दाबला तशी ती कळवळली. वाटी आणि नळी यांना जोडणारी जी जाड कंडरा असते ती दुखावली होती. उड्या मारणाऱ्या खेळाडूंत हे नेहमी आढळते. फाटलेले काही नव्हते. पण असेच चालू ठेवाल तर हंगाम विसरा, असे डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी आम्हाला विचारले, "ही दिवसभर काय करते?" आमच्याजवळ अकरा ते एक आणि पाच ते सहा एवढ्याच वेळांचे उत्तर होते.

८ एप्रिलला गुढीपाडवा होता. आम्ही दोघेही त्या दिवशी तिच्या घरी गेलो. नांदेडची पहाटेच्या गाडीने आली. घर दुसऱ्या मजल्यावर. छत्तीस पायऱ्यांचा अरुंद जिना, आत पोळ्यांचा तवा. तो उन्हाळा लातूरकरांच्या कायमचा लक्षात आहे. मांजरा धरण कोरडे पडले होते, मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम लागला होता, आणि नळ ही भिंतीवरची शोभेची वस्तू झाली होती. खानावळीला पाणी लागतेच; चाळीस डबे, चाळीस ताटांची भांडी. विकतचा टँकर दिवसाआड येई आणि बोळाच्या तोंडाशी ठेवलेल्या पिंपांत पाणी ओतून जाई. तिथून वर ते ती नेत असे. पंधरा लिटरच्या घागरीने, चोवीस खेपा.

आई म्हणाली, "शेजारचे म्हणतेत, पोरीच्या जातीला जड उचलायला लावू नका. मी म्हणलं, घागर काय हलकी असती का?"

आम्ही तिथेच वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. चोवीस गुणिले पंधरा, ३६० किलो. दोन आठवड्यांत सात टँकर, म्हणजे २,५२० किलो. आमच्या तक्त्यातील बैठकांचे वजन त्याच दोन आठवड्यांत ४,३२०. एका किलोची बैठक आणि एका किलोची पायरी यांचे मोल सारखे नसते, हे आम्हालाही कळते. तरी तक्त्यातल्या वजनाच्या निम्म्याहून अधिक ओझे ती तक्त्याच्या बाहेर वाहत होती, ही गोष्ट त्याने बदलत नाही. नांदेडच्या मैत्रिणीने तिला रिकामी घागर घेऊन चढून दाखवायला सांगितले. घागर डाव्या कमरेवर, उजवा हात भिंतीला. दर खेपेला डावीच बाजू. आणि उजव्या हाताने टोपलीत चेंडू टाकणारा खेळाडू उडी घेतो ती डाव्या पायावर. पुस्तकातल्या उड्या, सरावातल्या उड्या आणि छत्तीस पायऱ्यांच्या चोवीस खेपा, सारे त्या एका कंडरेवर येऊन बसले होते. पहाटे चारला उठणे, रात्री अकराला निजणे, हे वेगळेच.

परतताना जिन्यात आम्ही दोघेही बोललो नाही.

*

नंतरचे काही दिवस आम्ही जे बोललो ते व्यायामाविषयी कमी आणि आमच्या विषयाविषयी अधिक होते. जात्यावरच्या ओव्या आम्ही दरवर्षी शिकवतो. दळणाऱ्या बाईचे कष्ट आणि त्या कष्टांतून उमटणारे गाणे यांविषयी बोलताना 'श्रमसौंदर्य' हा शब्द आमच्या तोंडी सहज येतो. परीक्षेत तो लिहिणाऱ्याला आम्ही गुणही देतो. दळून दळून त्या बाईचा खांदा दुखत असेल का, हा प्रश्न टिपणांत कुठे नाही. याच वृत्तीचे बाजारातले रूप म्हणजे 'बायकांना वेगळा व्यायाम कशाला, घरकाम काय कमी आहे?' हे वाक्य. ते आम्ही अडाणीपणाचे समजत आलो. आमच्या तक्त्याने मात्र त्याच्या नेमके उलट, आणि तितकेच चुकीचे काम केले होते. घरकाम म्हणजे व्यायाम असे ते वाक्य म्हणते. घरकाम म्हणजे काहीच नाही, असे आमचा तक्ता म्हणत होता.

मग कष्ट आणि व्यायाम यांत फरक कोणता? याचे उत्तर संस्कृतच्या एका सहकारी बाईंनी स्टाफरूममध्ये चहा पिता पिता दिले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात व्यायामाची व्याख्या आहे. शरीराची जी हालचाल इष्ट असते, स्थैर्य आणते आणि बळ वाढवते, ती व्यायाम. आणि तीही मात्रेने करावी. 'इष्ट' हा शब्द तिथे कशासाठी, हे अकराव्या शतकातील टीकाकार चक्रपाणिदत्ताने सांगितले आहे. कामाच्या ओघात नाइलाजाने करावी लागणारी, ओझे वाहण्यासारखी हालचाल वगळण्यासाठी. हजार वर्षांपूर्वीच्या त्या टीकाकाराने उदाहरण म्हणून नेमके ओझेच घ्यावे, याने आम्ही चमकलो. बाईंनी पुढे वाग्भटाचेही सांगितले: बलवान माणसाने, स्निग्ध खाऊन, थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून हलका. आमच्या खेळाडूला स्निग्ध अन्न नव्हते, ऊन ग्रीष्मासारखे होते, आणि अर्धी शक्ती टँकरवरच खर्च होत होती.

हरिश्चंद्र बिराजदारांसारखा मल्ल देणारा हा जिल्हा आहे. ताकदीचे ज्ञान इथे अमेरिकेहून आणण्याची गरज नव्हती. ओळखीने आम्ही एका जुन्या वस्तादांना गाठले. त्यांच्या तालमीत मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून ते स्वतःच महाविद्यालयाच्या मैदानावर आले. आम्ही मोठ्या उत्साहाने तक्ता पुढे केला. त्यांनी तो वाचला नाही, तिच्याकडे वळून म्हणाले, "बैठका किती मारतीस ते नको सांगू पोरी. झोपतीस किती? खातीस काय?" तिने सांगितल्यावर ते आम्हाला म्हणाले, "सर, ह्याच्यात मेहनत हाय, खुराक न्हाई. मेहनतीनं गडी झिजतो. वाढतो तो खुराकानं आन् झोपेनं." त्यांच्या तोंडून मेहनतीविषयी इतके रोखठोक ऐकल्यावर आम्ही तक्ता घडी करून खिशात घातला.

*

दुसरा कार्यक्रम आम्ही एका बैठकीत केला नाही. तो एप्रिलभर होत राहिला. त्यातले पहिले काम भलतेच निघाले. सोमवार ते रविवार हा आठवडाच आम्हाला मोडावा लागला. तिचे दिवस दोनच प्रकारचे होते, टँकरचा आणि बिनटँकरचा. वजने फक्त बिनटँकरच्या दिवशी, तीही एकाआड एक. म्हणजे पूर्वी आठवड्यात तीनदा होत ती आता साधारण दोनदा. टँकरच्या दिवशी पाणी हाच भार धरायचा, दुसरे काही नाही. घागरीऐवजी दोन्ही हातांत सात-सात लिटरचे कॅन, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. अशी चाल प्रशिक्षकांच्या पुस्तकात 'शेतकऱ्याची चाल' या नावाने मिळते, हे नांदेडच्या मैत्रिणीने सांगितले तेव्हा आजी म्हणाली, शेतकऱ्याची कसली, शेतकऱ्याच्या बायकोची.

कंडरेसाठी पहिले दोन आठवडे उडी बंद. तिच्याऐवजी भिंतीला पाठ लावून, खुर्चीत बसल्यासारखे स्थिर राहायचे; पंचेचाळीस सेकंद, पाच वेळा. स्थिर ताणाने दुखणे उतरते आणि कंडरेला कामही मिळते. नुसत्या विश्रांतीने ती आणखी दुबळी होते. मग बैठका, पण सावकाश. तीन अंक मोजत खाली, तीन मोजत वर. वाळू भरलेली गोणी जमिनीवरून उचलणे, कंबर न वाकवता, नितंब मागे नेऊन. एका पायावर पायरी चढणे. जोर. लोखंडी दांड्याला लोंबकळून अंग वर ओढणे. पहिल्या महिन्यात हे एकदाही जमले नाही. उड्या परत आल्या त्या आधी उतरण्याच्या स्वरूपात: वीतभर उंच ओट्यावरून उतरायचे आणि गुडघे आत न झुकवता थांबायचे. मुलींच्या गुडघ्यातील अस्थिबंध या खेळात मुलांपेक्षा अधिक वेळा तुटतात, आणि उतरताना गुडघा आत झुकणे हे त्याचे एक कारण. आमच्याकडे आरसा नव्हता. सकाळच्या उन्हाकडे पाठ केली, की पुढे पडलेल्या सावलीत दोन गुडघ्यांमधली फट दिसते. ती फट मिटता कामा नये, एवढाच नियम.

वेळ सकाळी साडेसहाची, डबे गेल्यावर. दुपारी एक ते तीन झोप. ही झोप आम्ही तक्त्यात लिहिली, सक्तीची म्हणून. वजन आधी आणि नंतर करून पाहिले तर तासाभरात पाऊण किलो उतरे. ते सारे पाणी. ज्या शहरात घागर मोजून मिळते तिथे घामाचाही हिशेब आला. लिंबू, मीठ, साखर घातलेले पाऊण लिटर पाणी मैदानावर न्यायचे, आणि ते महाविद्यालयाच्या टाकीतून द्यायचे, असे ठरले. खुराकाचे गणित वस्तादांच्या बदाम-तुपात बसणारे नव्हते. २०१५ च्या दिवाळीला तुरीच्या डाळीने दोनशे रुपये किलोचा भाव गाठला होता, आणि खानावळीत वरणही पातळ झाले होते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस ग्रॅम प्रथिने, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत तेवढीच, शंभर ग्रॅम हरभऱ्यात वीस, दोन अंड्यांत बारा. बेरीज ऐंशीच्या पुढे जाते. तिच्या वजनाला ती पुरेशी होती. सोयाबीन आणि हरभरा यांसाठी तर लातूरची बाजारपेठ प्रसिद्धच आहे.

एवढे सारे मांडूनही चोवीस खेपा उरतच होत्या. त्या घरात तिचा धाकटा भाऊ होता, अकरावी सायन्सचा. त्याच्यासाठी सकाळी सहाला क्लास, संध्याकाळी क्लास. मेडिकलला लागेल ही साऱ्या घराची आशा. 'लातूर पॅटर्न' म्हणून जे बाहेर ओळखले जाते त्याचा हा घरातला चेहरा: ज्या मुलाकडून आशा आहे त्याने पुस्तकावरून उठायचे नाही. घागर उचलायची ती बी. ए. करणाऱ्या बहिणीने, कारण बी. ए. ला अभ्यास असतो कुठे? आमच्यासमोर हे कोणी बोलले नाही. पण ते आम्हाला ऐकू आले, कारण आम्ही ते पंचवीस वर्षे ऐकतो आहोत.

नांदेडच्या मैत्रिणीने आईपुढे तो तक्ता ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवले. तिथे लिहिले होते: 'बारा खेपा भाऊ.' आजी म्हणाली, "अभ्यासाचं लेकरू हाय ते." आई बराच वेळ पोळी लाटत राहिली. मग म्हणाली, "दिवसाआड अर्धा तास. तेवढ्यानं डॉक्टरकी जात नसती." साऱ्या कार्यक्रमात सर्वाधिक परिणाम करणारी ओळ हीच होती, असे आमचे आजही मत आहे. ती कुठल्याही पुस्तकात नाही.

१२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सारा देश ते दृश्य पाहत होता. त्या सकाळी ती मैदानावर भिंतीला पाठ लावून स्थिर बसली होती, आणि भाऊ तोंड पाडून जिना चढत होता.

*

पुढचे थोडक्यात सांगण्यासारखे आहे. मेअखेर गुडघा शांत झाला. जूनमध्ये तिने पहिल्यांदा अंग दांड्यापर्यंत ओढले. ऑगस्टपर्यंत वजन ५४ चे ५७ झाले. ते तीन किलो टोपलीखालच्या गर्दीत दिसू लागले. सप्टेंबरच्या पावसाने मांजरा भरले. दिवाळीच्या सुमारास नांदेडला निवड झाली तेव्हा बारा जणींच्या यादीत तिचे नाव शेवटचे होते. त्या स्पर्धेत ती फार खेळली नाही. एका सामन्यात अकरा मिनिटे, एवढेच. एकदा टोपलीखाली धक्का बसला, ती हलली, पडली नाही, आणि चेंडू घेऊन बाहेर आली. आमच्यापैकी नांदेडची नंतर फोनवर तो प्रसंग तीनदा सांगत होती.

हे यश आमच्या कार्यक्रमाचे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्या उन्हाळ्यात लातुरात घागरी वाहणाऱ्या मुली हजारो होत्या. त्यांच्या गुडघ्यांकडे पाहायला कोणी डॉक्टर, वस्ताद किंवा प्राध्यापक गेला नाही. एका मुलीच्या बारा खेपा कमी झाल्या, त्याही ती खेळाडू होती म्हणून. नुसती मुलगी असती तर त्या कमी करण्याचे कारण आम्हाला सापडले असते का, हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारलेला नाही. पण दोघांच्याही मनात तो आहे. ओव्या शिकवताना 'श्रमसौंदर्य' हा शब्द आता जिभेवर अडतो. तो अगदीच टाकून द्यावा असे नाही. त्या गाण्यांत सौंदर्य आहेच. ते श्रमाचे नव्हे, श्रम सोसणाऱ्या बाईचे आहे, असे आम्ही अलीकडे सांगतो. मुले लिहून घेतात.

तिने पुढे बी. पी. एड. केले. आज ती एका तालुक्याच्या गावी शाळेत खेळ शिकवते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे तिला भेटायला गेलो तेव्हा तिने आपल्या मुलींच्या मशागतीची वही दाखवली. प्रत्येक मुलीला एक पान. पानावर आडव्या रेघा, उभे रकाने: झोप, जेवण, पाळी, दुखणे. आम्ही तिला दिलेल्या तक्त्यात दोन रकाने होते. व्यायामशाळेचे ते 'वजन', घरचे ते 'ओझे', आणि खाली दोन्हींची बेरीज. तिच्या वहीत एकच रकाना होता. त्यात गोणीचे किलोही होते, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन क्लासला सोडणेही होते, कापूस वेचणीचे दिवसही होते.

रकान्याचे नाव तिने तिच्या बोलीत लिहिले होते: ओझं. आम्ही वजन कुठे गेले, असे विचारले.

"एकच की सर," ती म्हणाली. "गुडघ्याला कुठं कळतंय."